मशीनवर जॉब संपला, एमआयएसमध्ये मात्र ‘छपाई सुरू’: सांधा कुठे निखळला ते शोधण्याचा क्रम

कुपवाड एमआयडीसीतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये प्रीप्रेस (छपाईआधीची तयारी) आणि कॉम्प्युटर ही बाजू मी बघतो. सांगली-मिरजेतले आणखी काही प्रेसवाले अडलं की फोन करतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: “एमआयएस आणि मशीनचं जुळंना झालंय.” एमआयएस म्हणजे ऑफिसातलं प्रेसच्या कारभाराचं सॉफ्टवेअर. हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता तपासण्याचा क्रम ठरून गेलाय. तोच इथे लिहितो. पुण्याहून इंजिनियर बोलवायचा म्हटलं की किमान एक दिवस जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात साखर कारखान्यांचे, पतसंस्थांचे, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल मशीनवर असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि अहवाल त्याआधी सभासदांपर्यंत पोचायला लागतो. त्या दिवसांत असा एक दिवस कुणालाच परवडत नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. एमआयएसमध्ये कोटेशन, जॉब कार्ड, कागदाचा स्टॉक आणि बिल असतं. प्रीप्रेसचा वर्कफ्लो (तिथलं सॉफ्टवेअर) पीडीएफ तपासतो, इम्पोझिंग करतो म्हणजे पानं शीटवर मांडतो, रिप करून म्हणजे पानांचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करून सीटीपीला, म्हणजे प्लेट बनवणाऱ्या यंत्राला, प्लेट पाठवतो. या दोघांमध्ये आणि पुढे मशीनपर्यंत माहिती जाते ती जेडीएफमधून. जेडीएफ म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिलेलं जॉब कार्डच. कागद कुठला, माप काय, किती प्रती, कुठल्या रंगात, हे सगळं त्यात असतं. जॉब सुरू झाला, थांबला, इतकी शीट झाली, हे निरोप उलट्या दिशेने येतात त्यांना जेएमएफ म्हणतात आणि ते नेटवर्कवरून एचटीटीपीने जातात. याआधी १९९५ मध्ये सीआयपी३ नावाचा गट तयार झाला होता. त्याच्या पीपीएफ फाइलमधून इंक कीचं (शीटच्या कुठल्या पट्ट्यात किती शाई सोडायची ते ठरवणाऱ्या चाव्यांचं) सेटिंग मशीनला मिळायचं, आणि आपल्याकडच्या कितीतरी मशीनवर आजही तेवढंच जोडलेलं आहे. जेडीएफची पहिली आवृत्ती २००१ ची. आज ते सीआयपी४ ही संस्था सांभाळते.

लक्षणं

सगळ्यांत जास्त दिसणारं लक्षण शीर्षकात आहे. जॉब छापून, वाळून, कटिंगला गेला तरी स्क्रीनवर ‘छपाई सुरू’ किंवा ‘प्रतीक्षेत’. त्याच्या उलट दुसरं: ऑफिसात जॉब कार्ड तयार झालं, पण प्रीप्रेसच्या यादीत ते येतच नाही.

तिसरं आकड्यांचं. मशीनचा काउंटर एक सांगतो, एमआयएस दुसरंच, बहुधा शून्य किंवा बरोबर दुप्पट. चौथं, जुन्या जॉबची प्लेट नव्या नंबरवर निघते. हे सगळ्यांत महाग पडतं. पाचवं, रात्रपाळीचं काम आदल्या दिवशीच्या तारखेवर पडतं. सहावं, पार्टीच्या नावाच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. सातवं, शीट आडवी-उभी उलटी येते. आठवं, इंक की कोऱ्या येतात आणि मशीनमनला सगळं हाताने बसवावं लागतं.

यातली एकाहून जास्त लक्षणं एकाच दिवशी सुरू झाली असतील तर कारण बहुतेक एकच असतं, आणि ते नेटवर्कमध्ये असतं. एकच लक्षण ठरावीक जॉबलाच दिसत असेल तर दोष त्या जॉबच्या माहितीत असतो. एवढं आधी ठरवलं तरी अर्धा वेळ वाचतो.

हात लावायच्या आधी

छपाई थांबवू नका. सांधा निखळला तरी मशीन चालतं. जॉब कार्डची प्रिंट काढून मशीनमनच्या हातात द्या, पीडीएफ वर्कफ्लोमध्ये हाताने टाका, शीटचे आकडे वहीत लिहायला सांगा. एमआयएसमध्ये मात्र ते आकडे लगेच भरू नका. जोडणी परत सुरू झाली की अडकून पडलेले निरोप एकदम येतात, आणि तुम्ही आधी भरलेलं असेल तर कागद दोनदा खर्ची पडतो. स्टॉकमध्ये उणे रीम दिसले की त्यामागे हे असण्याची शक्यता मोठी.

मग एका कागदावर तीन बाण काढा: एमआयएसकडून प्रीप्रेसला, प्रीप्रेसकडून मशीनला, मशीनकडून परत एमआयएसला. अडकलेला जॉब कुठल्या बाणावर थांबलाय ते लिहा. मी आजवर बघितलेल्या बिघाडांत एमआयएस स्वतः किंवा मशीन स्वतः क्वचितच बिघडलेलं असतं. दोघं जिथं एकमेकांच्या हातात काम देतात तिथंच घोळ होतो. म्हणून बाण आधी.

१. मशीनमनला विचारा

याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत होतं, तरी लोक हे शेवटी करतात.

एक प्रसंग सांगतो. बेदाण्याच्या हंगामात तासगावच्या पार्ट्यांचे बॉक्स आमच्याकडे असतात. डिझाइन एकच, चार रंग, फक्त दुकानाचं नाव वेगळं. म्हणजे तीन जॉब असले तरी बदलते ती काळी प्लेट. एका सकाळी एमआयएसमध्ये पहिल्या जॉबवर ९,००० च्या वर शीट दिसत होती. त्या जॉबला हवी होती ३,०००. बाकीचे दोन जॉब ‘प्रतीक्षेत’. मी दोन तास नेटवर्क आणि लॉग (प्रोग्राम स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी) बघण्यात घालवले. सगळं बरोबर होतं. मग रात्रपाळीच्या मशीनमनना फोन केला. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते म्हणाले, “तिन्ही छापलं की मी रातीत. काळी प्लेट तेवढी बदलली, बाकी सगळं हाय तसं ठेवलं.” कन्सोलवरचा, म्हणजे मशीनच्या कंट्रोल स्क्रीनवरचा, जॉबही त्यांनी आहे तसाच ठेवला होता. मशीनच्या दृष्टीने रात्रभर एकच जॉब चालू होता, आणि मशीनने प्रामाणिकपणे तेच कळवलं.

मामांची यात चूक नव्हती. कन्सोलवर जॉब बदलायचा म्हटलं की इंक कीचं सेटिंग परत लोड होतं, आणि जमवलेला रंग हलतो. कुठलाही जाणता मशीनमन ते टाळणारच. चूक जॉब तयार करण्यात होती. आता अशा कामाला आम्ही एकच जॉब नंबर देतो आणि त्याखाली तीन भाग करतो. जेडीएफमध्ये त्याची सोयच आहे: जॉबआयडी एक आणि त्याखाली वेगवेगळे जॉबपार्टआयडी. आमच्या कन्सोलवर नुसता भाग बदलला तर इंक की जागच्या जागी राहतात आणि मोजणी वेगळी होते. तुमच्या कन्सोलवर असं होतं का, ते एकदा मोकळ्या वेळेत करून बघा.

मशीनमनला तीन गोष्टी विचारायच्या. जॉब कन्सोलवर निवडून सुरू केला का? मेकरेडी (रंग आणि जुळणी बसवण्याची तयारी) संपल्यावर चांगल्या शीटची मोजणी सुरू करायचं बटण दाबलं का? संपल्यावर जॉब बंद केला का? तिसरं राहिलं की ‘छपाई सुरू’ तसंच राहतं. विचारताना सूर चौकशीचा नको. ज्याला बोलणी बसतात तो पुढच्या वेळी सांगत नाही.

आकडा बरोबर दुप्पट असेल तर हेही बघा की काम वर्क अँड टर्न होतं का. २,५०० शीट दोन्ही बाजूंनी त्याच प्लेटांवर छापली की मशीनचा काउंटर ५,००० इम्प्रेशन दाखवतो. एमआयएसला त्या जॉबसाठी शीट मोजायची की इम्प्रेशन हे सांगितलेलं नसेल तर तो ५,००० शीट कागद खर्ची घालतो.

२. लाइट गेली होती का?

पावसाळ्यात आमच्या बाजूला लाइट जाणं-येणं चालूच असतं. सर्व्हरला यूपीएस असतो, प्रीप्रेसच्या कॉम्प्युटरलाही असतो. नेटवर्कचा स्विच मात्र भिंतीवर साध्या सॉकेटला लावलेला असतो. लाइट दहा सेकंद गेली तरी स्विच बंद होऊन परत सुरू होतो. कॉम्प्युटर बंद झालेले नसल्यामुळे काही घडलं असं कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मधली जोडणी तुटलेली असते.

स्विचवर मशीनच्या वायरीचा दिवा लुकलुकतोय का बघा. नसेल तर वायर काढून दुसऱ्या पोर्टला लावा. मशीन हॉलमधली वायर पावडर, शाई, पॅलेट ट्रॉली यांच्या मधून जाते, तिचं टोक सैल होणं नेहमीचं आहे. स्विच आणि राउटरला छोटा यूपीएस लावणं हा यावर एकदाच करायचा खर्च आहे, आणि तो सगळ्यांनी करावा असं मी आग्रहाने सांगतो.

३. पत्ता बदलला का?

लाइट गेल्यानंतरचं हे दुसरं कारण, आणि माझ्या अनुभवात नेटवर्कच्या बिघाडांत पहिल्या नंबरचं. राउटर परत सुरू झाला की तो प्रत्येक कॉम्प्युटरला नवीन आयपी अ‍ॅड्रेस देऊ शकतो. काल एमआयएसचा सर्व्हर १९२.१६८.१.४० होता, आज १९२.१६८.१.४३ झाला. मशीनच्या कन्सोलला मात्र निरोप कुठे पाठवायचा ते ४० या नंबरानेच सांगून ठेवलेलं असतं. ते तिथेच पाठवत बसतं. ऑफिसातलं बाकी सगळं, इंटरनेट, प्रिंटर, व्यवस्थित चालतं, म्हणून नेटवर्कवर कुणाला शंका येत नाही.

सर्व्हरवर आत्ताचा पत्ता बघा आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये लिहिलेला पत्ता बघा. वेगळे असतील तर कन्सोलमधला बदलत बसू नका. राउटरमध्ये सर्व्हर, वर्कफ्लो, सीटीपी आणि कन्सोल या चौघांचे पत्ते कायमचे राखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हे घडणारच नाही.

राउटरच नवीन बसवला असेल तर आणखी एक बघायचं. विंडोज नव्या राउटरला नवीन, अनोळखी नेटवर्क समजतं आणि ‘सार्वजनिक’ या वर्गात टाकतं. त्या वर्गात फायरवॉल बाहेरून येणारे निरोप अडवते. नेटवर्क ‘खासगी’ केलं की बऱ्याचदा लगेच सुरू होतं. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका. पार्ट्यांचे पेन ड्राइव्ह दिवसभर त्याच कॉम्प्युटरला लागत असतात.

४. घड्याळ बघा

कन्सोल, सर्व्हर, प्रीप्रेस, तिन्ही ठिकाणची तारीख आणि वेळ शेजारी शेजारी लिहा. जुन्या कन्सोलच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. असा निरोप एमआयएसला पोचतो, पण जुना म्हणून बाजूला पडतो. बॅटरी घड्याळवाल्याकडे मिळते, पण ती बदलायची कन्सोल पूर्ण बंद करून, वीज काढून.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बॅटरीचा संबंध नाही. जेडीएफमधल्या वेळेच्या शेवटी एकतर +०५:३० असतं, नाहीतर झेड हे अक्षर. झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ. मशीन झेडची वेळ पाठवतं आणि एमआयएस ती भारतीय समजून घेतं, असं झालं की रात्री २:१० ला संपलेला जॉब आदल्या दिवशी रात्री ८:४० ला संपलेला दिसतो. रात्रपाळीचं काम दुसऱ्या पाळीच्या नावावर पडतं आणि मग पाळीनिहाय उत्पादनावरून माणसामाणसांत वाद होतात. एमआयएसमध्ये टाइम झोनचं सेटिंग असेल तर ते भारताचं करा. सेटिंग नसेल तर ते एमआयएसवाल्यानेच दुरुस्त करायचं काम आहे. मशीनचं घड्याळ साडेपाच तास पुढे करून जुळवून घेऊ नका. एका प्रेसमध्ये तसं केलेलं मला निस्तरावं लागलंय, त्यात सगळा मागचा हिशोब बिघडला.

५. डिस्क आणि फोल्डर

प्रीप्रेसच्या डिस्कवर जागा किती उरली ते बघा. ७४५ × ६०५ मिलिमीटरची प्लेट २,४०० डीपीआयला रिप केली की एका रंगाची फाइल कॉम्प्रेशनशिवाय साधारण ५०० एमबी होते, चार रंगांची २ जीबी. कॉम्प्रेशन असलं तरी काही महिन्यांत डिस्क भरते. भरली की वर्कफ्लो नवीन जॉब घेतच नाही, आणि तसं स्पष्ट सांगतही नाही.

मग हॉट फोल्डर, म्हणजे ज्यात फाइल टाकली की वर्कफ्लो ती आपोआप उचलतो ते फोल्डर. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा चुकलेल्या फाइल्सचं वेगळं फोल्डर असतं. ते उघडून बघा, तुमचा हरवलेला जॉब तिथे पडलेला असण्याची शक्यता चांगली आहे. फाइल अर्धवट असेल तर ती कॉपी होत असतानाच वर्कफ्लोने उचलली. मोठी पीडीएफ आधी दुसऱ्या नावाने कॉपी करायची आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, की हे होत नाही.

फाइल हॉट फोल्डरमध्ये नुसतीच पडून आहे, कुणी उचलतच नाही, असं असेल तर पासवर्ड बदललाय का विचारा. सर्व्हिस म्हणून चालणारा प्रोग्राम ज्या खात्याने शेअर फोल्डर उघडतो त्या खात्याचा पासवर्ड बदलला की तो बाहेर राहतो. याच जागी आणखी एक चूक होते. फोल्डरचा रस्ता झेड ड्राइव्ह असा दिलेला असतो. तुम्ही लॉगिन केल्यावर तुम्हाला झेड ड्राइव्ह दिसतो, सर्व्हिसला तो दिसत नाही, कारण जोडलेला ड्राइव्ह ज्याच्या लॉगिनमध्ये जोडला त्याच्यापुरताच असतो. म्हणून ‘हाताने टाकलं तर चालतंय, आपोआप जाईना’ असं ऐकलं की मी पहिल्यांदा इथं बघतो. रस्ता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरच्या नावासह पूर्ण द्यायचा.

सीटीपीचा कंट्रोलर विंडोज एक्सपीवर असेल आणि ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आल्यापासून फोल्डर उघडत नसेल, तर कारण वेगळं आहे. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त सगळ्यांत जुनी पद्धत येते आणि नवं विंडोज ती पद्धत सुरुवातीपासूनच बंद ठेवतं. ती पद्धत चालू करून काम होतं, पण सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचं आहे. दोघांच्या मध्ये एखादा विंडोज ७ चा कॉम्प्युटर ठेवून त्याच्यामार्फत फाइल पाठवणं जास्त बरं, कारण त्याला दोन्ही पद्धती येतात. मात्र त्याला इंटरनेट देऊ नका.

६. नंबर आणि नाव

एकाच जॉबला दोन ठिकाणी दोन नावं पडली की साखळी तुटते. माणसाला ४५७ आणि ००४५७ एकच वाटतात. जेडीएफमध्ये जॉबआयडी हा आकडा नसून अक्षरांची ओळ आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे जॉब. यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की पुढची शून्यं उडतात, आणि तिथूनच हे सुरू होतं.

आपल्याकडे जॉब नंबर आर्थिक वर्षासकट लिहायची पद्धत आहे: ४५७/२५-२६. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. मग कुणी ती गाळतो, कुणी तिथे आडवी रेघ देतो, कुणी मोकळी जागा सोडतो. एमआयएसमध्ये एक, पीडीएफच्या नावात दुसरं, प्लेटवर तिसरं.

आणि १ एप्रिल. बऱ्याच प्रेसमध्ये त्या दिवशी नंबर परत १ पासून सुरू होतात. वर्कफ्लोच्या साठ्यात मात्र गेल्या वर्षीचा १ नंबर अजून असतो. नवीन जॉब आला की तो जुन्याचीच दुरुस्ती समजून त्याच्यावर चढतो, किंवा जुनी पानं नव्या फॉर्मात बसतात. एका प्रेसमध्ये हळदीच्या पाकिटाच्या लेबलवर गेल्या वर्षीचं डिझाइन छापलं गेलं ते असं. फोनवर मला आधी ‘रिप बिघडला’ म्हणून सांगितलं होतं. रिप उत्तम होता.

उपाय साधा आहे आणि फुकट आहे. नंबरात वर्ष घ्या पण खुणा काढा, आकडे ठरावीक ठेवा: २५२६००४५७. हा नंबर एमआयएस तयार करेल आणि बाकी सगळे तोच वापरतील, कुणीही हाताने टाइप करणार नाही. जॉब कार्डवर त्याचा बारकोड छापा आणि कन्सोलजवळ स्कॅनर ठेवा.

पार्टीच्या नावाचं थोडं वेगळं. देवनागरी युनिकोडमध्ये लिहिलेली असेल तर जेडीएफला ती चालते. नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते मुळात इंग्रजी अक्षरांचं मिश्रण असतं, दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की तेच उघडं पडतं. चौकोन दिसत असतील तर कन्सोलवर देवनागरी फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं असतील तर मधल्या कुठल्या तरी प्रोग्रामने अक्षरं टाकून दिली आहेत. वर्णन देवनागरीत राहू द्या, फाइलचं नाव मात्र आकड्यांतच ठेवा.

७. मापं

जेडीएफमध्ये लांबी-रुंदी पॉइंटमध्ये असते, एका इंचात ७२ पॉइंट. २० × ३० इंचाची शीट १४४० × २१६०, आणि १८ × २३ ची १२९६ × १६५६ अशी दिसली पाहिजे. तिथे ५०८ × ७६२ दिसलं तर कुणीतरी मिलिमीटर तसेच पाठवलेत. आकडे बरोबर पण उलट क्रमाने असतील तर एमआयएसच्या कागदाच्या यादीत २३ × ३६ आणि ३६ × २३ अशा दोन नोंदी आहेत का बघा. कागद विकत घेताना त्या दोन्हीचा अर्थ ग्रेनवरून (कागदाच्या तंतूंच्या दिशेवरून) ठरतो, म्हणून स्टोअरवाला दोन्ही ठेवतो. वर्कफ्लोला मात्र पहिला आकडा आडवा आणि दुसरा उभा एवढंच कळतं. नोंदी पुसू नका, ग्रेनसाठी वेगळा रकाना करा.

इंक की कोऱ्या येण्याचं कारण बहुतेक वेळा पीपीएफ फाइल मशीनच्या फोल्डरपर्यंत पोचलेली नसते किंवा तिचं नाव जॉबशी जुळत नसतं. क्रमांक ५ आणि ६ परत बघा.

८. जेडीएफ उघडून बघा

इथून पुढे थोडी सवय लागते. अडकलेल्या जॉबची जेडीएफ फाइल दुसरीकडे कॉपी करा, त्या कॉपीच्या नावाचा शेवट एक्सएमएल असा करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. रचना मोडलेली असेल तर ब्राउझर चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतो. मूळ फाइलला हात लावू नका.

आमच्या भागात सापडणारी नेहमीची चूक म्हणजे & ही खूण. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांच्या नावांत ‘अँड सन्स’, ‘अँड कंपनी’ भरपूर. ऑफिसात ते & लिहून टाकतात. एक्सएमएलमध्ये त्या खुणेला स्वतःचा अर्थ आहे, ती नुसती आली की फाइल तिथेच मोडते. चांगला एमआयएस ती आपोआप नीट लिहितो. कुणी ओळखीच्याकडून एक्स्पोर्ट लिहून घेतलेला असेल तर तो लिहीलच असं नाही. तोवर पार्टीच्या नावात ‘अँड’ असं अक्षरी लिहायचं ठरवून टाका.

रचना ठीक असूनही वर्कफ्लो नाकारत असेल तर सीआयपी४ चा जेडीएफ एडिटर मोफत मिळतो, त्यात तपासणी करता येते. फाइलमध्ये आवृत्ती कुठली आहे तेही बघा. २०१८ मध्ये आलेला एक्सजेडीएफ २.० हा जुन्या १.x चा नुसता पुढचा नंबर नाही, त्याची रचनाच वेगळी आहे. एमआयएस अपडेट झाल्यावर एक पाठवू लागला आणि वर्कफ्लोला दुसरंच येतं, असं असेल तर तुमच्या हातात काही नाही. थांबा आणि दोन्ही कंपन्यांना एकाच वेळी फोनवर घ्या. वेगवेगळं बोललात तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

९. निरोपांची नोंदणी

जॉब जातात, परत काहीच येत नाही, आणि पत्ता, घड्याळ, फायरवॉल सगळं बरोबर आहे. मग जेएमएफची नोंदणी गेली असावी. एमआयएस मशीनला किंवा वर्कफ्लोला एकदा सांगून ठेवतो की काही बदललं की मला या पत्त्यावर कळव. काही यंत्रणा ही नोंदणी बंद होऊन सुरू झाल्यावरही लक्षात ठेवतात, काही विसरतात. विसरणारी असेल तर सुरू करण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आमच्याकडे आधी राउटर आणि स्विच, मग एमआयएसचा सर्व्हर, मग वर्कफ्लो, शेवटी कन्सोल. चालू जॉब संपल्यावर, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत, या क्रमाने सगळं एकदा सुरू करा. मग एक खोटा जॉब १० शीटचा चालवून बघा.

तरी काही येत नसेल तर तपासणी इथं संपली.

इथं थांबायचं

एमआयएसच्या डेटाबेसमध्ये थेट शिरून स्टेटस बदलू नका. ‘पूर्ण’ लिहिल्याने स्क्रीन साफ दिसते, पण कागदाचा खर्च, मजुरी, बिल या तिन्हीच्या नोंदी त्या स्टेटसबरोबर आपोआप होत असतात. त्या होत नाहीत आणि वर्षअखेरीला ऑडिटमध्ये सापडतात.

कन्सोलवर विंडोज अपडेट करू नका, अँटिव्हायरस टाकू नका, काही परत इन्स्टॉल करू नका. मशीनचं इलेक्ट्रिक पॅनल आणि सीटीपीचं लेसरकडचं झाकण उघडू नका. पहिल्यात विजेचा धोका आहे, दुसऱ्यात डोळ्यांचा. रिपचा डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी) ओळखला जात नसेल तर दुसऱ्या पोर्टला एकदा लावून बघा, त्यापुढे कंपनीलाच कळवा. एकाच दिवसात तीन जॉबना तीन वेगवेगळ्या चुका आल्या तर सर्व्हरची डिस्क जात असण्याची शक्यता धरा. आधी बॅकअप घ्या, मग कॉम्प्युटरच्या जाणकाराला बोलवा, बाकी सगळं नंतर.

इंजिनियर यायच्या आधी त्याच्यासाठी एका फोल्डरमध्ये हे काढून ठेवा: अडकलेल्या जॉबची जेडीएफ फाइल, त्याच दिवशी नीट गेलेल्या एका जॉबची जेडीएफ फाइल, दोन्ही बाजूंच्या लॉगमधला त्या वेळेचा भाग, चारही यंत्रांचे पत्ते, तिन्ही घड्याळांची वेळ, आणि वर सांगितलेलं काय काय तपासलं त्याची यादी. नीट गेलेली फाइल विसरू नका. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक कुठे आहे ते त्याला लवकर दिसतं. रात्रपाळीच्या मशीनमननाही त्या दिवशी सकाळी अर्धा तास थांबायला सांगा आणि त्या अर्ध्या तासाची ओव्हरटाइममध्ये नोंद करा.